खरं जनावर चुकतं

“डाँकी,” डग म्हणाला आणि त्याने हात झटकला. म्हणजे गाढव आहे, सोडून दे. वळणापलीकडून आलेला तो आवाज गाढवासारखाच होता हे मी नाकारत नाही. फाटका, घोगरा, मध्येच चिरकणारा. त्या वादीत गाढवंही होती. सकाळी तीन गाढवांनी आमच्या केळ्यांच्या साली खाल्ल्या होत्या. वादी म्हणजे तिकडची कोरडी नदी. दोन्ही अंगांना उभे कडे आणि मध्ये घराएवढे दगड. माझे जावई मिलिंदराव त्या वळणापलीकडे जाऊन बराच वेळ झाला होता आणि ते परत आले नव्हते. आमच्या डोक्यावर आभाळ निळं होतं, पण जिथून ती वादी उतरते त्या डोंगरावर काळं झालं होतं, आणि वरून येणारा वारा गार लागायला लागला होता. असा वारा सुटला की वादीतून बाहेर पडायचं, हे ओमानात नव्या आलेल्या माणसाला पहिल्या महिन्यातच कुणीतरी सांगतं. मलाही सांगितलं होतं. डग पुन्हा म्हणाला, “डाँकी, आई, डाँकी.” मी म्हटलं, “नो.” परक्या पुरुषाला इंग्रजीत नाही म्हटलेलं माझ्या जन्मातलं ते पहिलंच.

आता डग कोण, आणि चौथी शिकलेली, केस पिकलेली बाई त्या दगडांत काय करत होती, ते सांगते. माझ्या वाढत्या वयाच्या या गोष्टींत हे प्रकरण कशाला, असं कुणी विचारील. माझं बालपण कुडाळच्या बाजूच्या गावात गेलं, चौथीनंतर शाळा सुटली, सतरा सरायच्या आत लग्न झालं. तोवर मी फक्त उंचीने वाढले. कुणावर किती विश्वास ठेवायचा हे मला नवरा गेल्यावर, लेकीच्या घरी, परमुलखात कळलं. माझ्या लेखी मी तिथे मोठी झाले, म्हणून ते इथे घालते.

लेक संगीता मस्कतला एका खाजगी इस्पितळात नर्स होती आणि मिलिंदराव रुसैलच्या एका कारखान्यात मशिनं सांभाळणारे इंजिनिअर. राहायला हमरियात तिसऱ्या मजल्यावर. खाली लाँड्री, न्हावी, मल्याळ्याचं चहाचं दुकान आणि मोबाइलची रिचार्ज कार्डं विकणारा. त्या घरात शांतता म्हणून नव्हती. दोन एसी दिवसरात्र घरघरायचे, पाण्याचा टँकर मागे येताना पींपीं करायचा, आणि अजान झाली की चार मशिदींतून चार वेळा, एकीचं संपत नाही तोवर दुसरीचं. मला त्याचा त्रास नव्हता. गावात एकटीच्या घरात घड्याळाचा आवाज ऐकत बसण्यापेक्षा बरं. मी सैपाक करायची. मत्रहच्या बाजारातून सुरमई यायची, गावाहून आणलेली सोलं होती, नारळ केरळचे. मिलिंदराव पुण्याचे, मासे लग्नानंतर खायला शिकलेले. काटा लागला की सगळ्या बिल्डिंगला कळायचं. आमटीत गूळ नसला की ताट पुढे ढकलत नसत, पण तोंड तसं करायचे. माणूस वाईट नव्हता. पण जे बोलायचं ते मनात ठेवून दुसरंच बोलायचा, आणि अशा माणसाकडे माझं लक्ष राहतं.

त्या वर्षी तिकडची सुट्टी गुरुवार-शुक्रवारची शुक्रवार-शनिवार झाली. शुक्रवारी संगीताची बहुतेक ड्यूटी असे. मिलिंदराव दर शुक्रवारी उजाडताच गाडी घेऊन निघायचे आणि दुपार कलल्यावर बुटांना पांढरी धूळ लावून परत यायचे. मी संगीताला विचारलं, “काय गो, तुझो घोव शुक्रवारी खंय जाता?”

“माका काय इचारतंस? तेंकाच इचार. सायबावांगडा जातंत खंयतरी.”

“सायबावांगडा? शुक्रवारचो?”

“आये, तुका सगळ्यात काळाबेरा दिसता.”

दिसतं तर दिसतं. मग एक दिवस मी कचरा टाकायला खाली गेले तेव्हा बिल्डिंगच्या नातुराने, म्हणजे वॉचमनने, मला बाजूला घेतलं. तो बांगलादेशी म्हातारा, मला माताजी म्हणायचा. आवाज खाली करून म्हणाला, “माताजी, बुरा मत मानना. साहब शाम को गाड़ी में अकेला बैठ के रोता है.”

“रोता है?”

“काच बंद, एसी चालू. बहुत दर्द से रोता है. जैसे बकरी का बच्चा.”

संध्याकाळी मी पुन्हा कचरा नेला. घरात कचरा नव्हता, तरी नेला. गाडी खांबाच्या मागे लावलेली. आत मिलिंदराव, समोर मोबाइल टेकवलेला, त्यावर काहीतरी हलत होतं, ह्यांचे गाल फुगत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मला वाटलं, पलीकडे कुणी बाई आहे. व्हिडिओवर बाईसमोर रडणारा जावई. मी वर आले आणि बांगडे तळले.

दोन-चार दिवसांनी धुवायला टाकलेल्या शर्टाच्या खिशात मला एक वस्तू सापडली. घोड्याच्या नालासारखी चपटी, नखाएवढी जाड कड, आणि मध्ये पातळ रबर ताणून बसवलेलं. मी दोन मुलांची आई आहे, आणि आमच्या गावात कुटुंबनियोजनाच्या बाईने जे जे दाखवलं ते सगळं मी डोळे उघडे ठेवून पाहिलेलं आहे. तेव्हा मला काय वाटलं ते लिहायची गरज नाही. वस्तू मी तांदळाच्या डब्याखाली ठेवली. मिलिंदरावांनी ती सगळ्या घरात शोधली. गादी उलटली, गाडीतली पायपुसणी झटकली, पण काय शोधतो हे कुणाला सांगितलं नाही. तिथे माझी खात्री झाली. चांगली वस्तू हरवली की माणूस बोंब मारतो.

संगीता घरी असेल त्या दिवसाची मी वाट पाहिली. जेवताना सुरमईच्या तुकडीशेजारी ती वस्तू ताटाच्या कडेला ठेवली आणि विचारलं, “मिलिंदराव, हे काय?”

ते आधी पांढरे झाले आणि मग लाल. संगीताने वस्तू उचलून उजेडाला धरली. नर्स आहे ती, तिलाही पहिल्यांदा तेच वाटलं असणार, कारण तिचा आवाज एकदम बारीक झाला. “हे काय हो?” एवढ्यात माझी नात तन्वी, तेव्हा दुसरीत होती, भात चिवडत म्हणाली, “आजी, दॅट इज फॉर द काऊ. पप्पा मेक्स काऊ नॉइज. मी कारमध्ये हर्ड केलं.”

मग मिलिंदरावांनी ती वस्तू बेसिनवर धुतली, तोंडात टाळूला लावली, आणि आमच्यासमोर, उष्ट्या हाताने, आवाज काढला. वर चढून खाली घसरणारा, वासराने हंबरावं पण नाकातून, तसा. संगीता इतकी हसली की तिला ठसका लागला. मी हसले नाही.

प्रकार असा होता. कारखान्याचा मॅनेजर डग कॅनडाचा. तिकडे एल्क नावाचं जनावर असतं. आपल्या सांबरासारखं, पण अंगाने घोड्याएवढं. वर्षातून एकदा हा सुट्टी काढून त्याच्या शिकारीला जायचा. ते जनावर माग काढून सापडत नाही, बोलवावं लागतं. मादीचा आवाज काढला की नर येतो, नराचा काढला की दुसरा नर भांडायला येतो. हे आवाज वर्षभर घोटावे लागतात, म्हणून डग दर शुक्रवारी डोंगरात जायचा, जिथे ऐकणारं कुणी नाही. मिलिंदराव त्याच्याबरोबर जाऊन शिकत होते. मोबाइलवर होते ते एल्कचे व्हिडिओ. डोळ्यांतलं पाणी होतं ते रबर घशाकडे सरकून उमासे यायचे म्हणून.

“आणि तुम्हाला कशाला शिकायचंय?” मी विचारलं.

“साहेब खूश असतो, आई.”

“एवढंच?”

“छंद म्हणा ना.”

हे खोटं असतं तर त्यांनी जरा बरं खोटं रचलं असतं, एवढं मला कळत होतं. म्हणजे खरं होतं. पण सगळं खरं नव्हतं. पुण्याचा माणूस, ज्याने झुरळ मारायलाही संगीताला हाक मारावी, तो सांबराची मादी व्हायला पहाटे उठतो, त्यामागे काहीतरी असणारच. मी म्हटलं, “पुढच्या शुक्रवारी मी येते.” त्यांना नाही म्हणता आलं नाही. सासूला नाही म्हणायचं असेल तर आधी खिसे रिकामे ठेवावे लागतात.

मला अशा आवाजांची माहिती अगदीच नव्हती असं नाही. माझा बाप पान ओठांत धरून भेकराच्या पाडसाचा आवाज काढायचा आणि आई भेकर झुडपातून धावत यायची. आमचं घर त्यावर जेवलेलं आहे. पण बापाने मुलींना ते शिकवलं नाही, आणि मला त्या आवाजाची लहानपणापासून चीड होती. पाडसाच्या आवाजात आईला बोलवायचं म्हणजे फसवणूक ती फसवणूकच. मटण मी खायची, तो भाग वेगळा. पण तेव्हापासून कुणी फार गोड हाक मारली की मी आधी तो उभा कुठे आहे ते बघते.

डगवर मला पहिल्या दिवसापासून संशय होता. अंगाने आडवा, वय माझ्याच जवळपासचं, मानेवर उन्हाने सोललेली कातडी. मिलिंदराव मला आई म्हणतात ते ऐकून त्याला वाटलं माझं नावच आई, म्हणून तोही आई म्हणायचा. त्याच्याकडे एक लांब काळी पिशवी होती आणि मला वाटलं त्यात बंदूक आहे. ओमानात शिकारीला बंदी आहे, कुणी पकडलं तर जावई तुरुंगात. मी खुणेने विचारलं. त्याने पिशवी उघडून दाखवली. आत प्लास्टिकची वळ्यावळ्यांची नळी, व्हॅक्यूमला असते तशी. त्यातून नराचा आवाज काढायचा. खालून सुरू होऊन शिट्टीसारखा वर जायचा, मग छातीतून तीन-चार ठोके. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी देवाचं नाव घेतलं. त्या कड्यांनी तो आवाज घेतला आणि बराच वेळ आपापसांत फिरवला.

मी दोन शुक्रवार नुसती बसून पाहिलं. तिसऱ्या शुक्रवारी डगने तसलीच रबराची नवी कोरी पट्टी काढून माझ्यापुढे धरली आणि म्हणाला, “यल्ला, आई.” म्हणजे चला. मी ती तोंडात घातली ती हौसेने नाही. जे समजत नाही ते लांबून बघून समजत नाही, म्हणून. माझ्या वरच्या दाढा गेलेल्या, पट्टी टिकेना. घरी सैपाकघरात पंखा लावून, मासे तळताना मी आवाज काढायची. संगीता दारात येऊन म्हणायची, “आये, तू पण? घर हा की गोठो?” जोर पोटातून काढायचा, घशातून नाही. आणि श्वास अगदी थोडा लागतो. हे मला फार उशिरा कळलं. सगळे नवशिके फुंकतात. फुंकायचंच नाही. जिभेने पट्टी वर दाबायची आणि उसासा टाकायचा, बस. आजारी माणसालाही जमेल एवढाच वारा लागतो, आणि आवाज मात्र लांब जातो.

डगने शिकवलेली दुसरी गोष्ट मिलिंदरावांनी मला मराठीत सांगितली. जंगलात दुसरे शिकारीही आवाज काढत असतात, मग खरं जनावर कोणतं आणि माणूस कोणता हे कसं ओळखायचं? डग म्हणाला, जो आवाज अगदी सुरेख येतो तो माणूस. खरं जनावर चुकतं. त्याचा आवाज फाटतो, मध्येच सुटतो, कारण त्याला कुणाला शिकून दाखवायचं नसतं. मला हे पटलं. त्या माणसाचं मला पटलेलं ते पहिलंच वाक्य. मिलिंदरावांचा आवाज तेव्हा सगळ्यांत सुरेख असायचा, व्हिडिओवरून घोटलेला, आणि मी मनात म्हटलं, बरोबर.

सरावाची रीत अशी. एकजण मागे बसून आवाज काढत राहणार. दुसरा, शिकारी, पुढे जाऊन लपणार आणि तोंड उघडणार नाही. जनावर आवाजाकडे येताना शिकाऱ्यासमोरून जातं, म्हणून. मागच्याने जागा सोडायची नाही, पुढच्याने आवाज करायचा नाही. बंदूक नसली तरी डग ही रीत मोडू देत नसे. पुढे गेलेला माणूस परत येऊन सांगणार की आवाज कुठवर नीट ऐकू आला.

त्या दिवशी आम्ही निझवा शहराच्या पुढे गेलो होतो. गाडी डगची, मोठी, वादीच्या पात्रातच खडीवर लावलेली. दुपारी एका कपारीच्या सावलीत जेवलो. मी घावणे आणि खोबऱ्याची चटणी नेली होती, उकडलेली अंडी, लबानच्या, म्हणजे तिकडच्या ताकाच्या, बाटल्या. डग घावण्याला पिझ्झासारखा गुंडाळून खायचा आणि त्यावर लबान प्यायचा. खाताखाता खुशीत येऊन तो माझ्याकडे बघून बोलला. मला त्यातले शब्द कळले ते असे: कॅनडा, संगीता, हाऊस, स्कूल, नेक्स्ट इयर. मिलिंदरावांचा घास हातात राहिला.

मी विचारलं, “काय म्हणतो हा?”

“काही नाही, आई.”

“मिलिंदराव, मी चौथी शिकलेय. बहिरी नाही.”

मग बाहेर पडलं. डगचा तिकडे ओळखीचा कारखाना होता, त्याच्या शब्दावर ह्यांना नोकरी मिळणार होती. सगळे कायमचे कॅनडाला. म्हणून सांबराची मादी. म्हणून शुक्रवार.

“संगीताला ठाऊक आहे?”

“नक्की झालं की सांगणार होतो.”

“आणि मी?”

ते बुटाकडे बघत म्हणाले, “तुमची गावाला सोय लावू ना आई. बाई ठेवू कामाला. रोज फोन करू.”

मी चटणीचा डबा बंद केला. म्हटलं, “माझी सोय मला लावता येते. तुम्ही बायकोला सांगायचं धाडस लावा.” डगला भाषा कळली नाही, पण तोंडं कळली. तो उठला आणि दोन्ही हात हलवत म्हणाला, “खलास, खलास. यल्ला.” मला मागे बसवलं, मिलिंदरावांना पुढे जायला सांगितलं. ते मान खाली घालून, भराभर चालत वळणापलीकडे गेले. मी आवाज काढत बसले. रागात आवाज चांगला येतो.

बराच वेळ काढला. ते परत येईनात. डग घड्याळ बघत नव्हता, कारण पुढच्याने गप्प राहायचं हीच रीत. आणि मला वाटलं, सासूला तोंड दाखवायचं नाही म्हणून बसलेत कुठेतरी. तेवढ्यात वारा सुटला, वर काळं दिसलं, आणि तो फाटका आवाज आला. डग म्हणाला डाँकी. मी म्हटलं नो.

का म्हटलं ते तेव्हा सांगता आलं नसतं, आता सांगते. गाढव श्वास घेताना ओरडतं आणि सोडतानाही. ते एकदा सुरू झालं की पूर्ण झाल्याशिवाय थांबत नाही. हा आवाज नुसता सोडतानाचा होता, तुटका, आणि मग लांब थांबायचा. मी पट्टी टाळूला दाबली आणि मादीचा आवाज काढला. लगेच पलीकडून तो आला. मी थांबले. तोही थांबला. मी पुन्हा काढला. पुन्हा आला, आधीपेक्षा वाईट. डगचं तोंड उतरलं. तो त्या दगडांतून धावत सुटला. एवढं आडवं माणूस इतकं धावेल असं मला वाटलं नव्हतं. मी जागा सोडली आणि मागून गेले.

मिलिंदराव दोन दगडांच्या फटीत छातीपर्यंत अडकले होते. वरून पाय सरकला, खाली पडले, आणि वरचा एक दगड त्यांच्याबरोबर सरकून छातीवर आला. एक हात खाली, दुसरा मोकळा. चेहरा जांभळट. ओरडायला छाती फुगवावी लागते, आणि ती फुगत नव्हती. तोंडात पट्टी तेवढी होती. मला बघून त्यांनी ती थुंकली. “आई” म्हणाले की नुसता वारा निघाला, मला नक्की सांगता येणार नाही.

डग त्या दगडाखाली उलटा आडवा झाला, पाठ एका दगडाला आणि दोन्ही पाय दुसऱ्याला लावून त्याने जोर दिला. दगड उचलला नाही, जरासा कलला. “आई!” तो ओरडला. मी मिलिंदरावांच्या काखेत हात घालून ओढलं. काही तुटल्यासारखं वाजलं आणि ते बाहेर आले. पाणी तेव्हा आलेलंच होतं. आधी खडीवरून बोटभर, तपकिरी, काटक्या आणि फेस घेऊन. त्यामागून आवाज, खडीने भरलेले ट्रक एकामागून एक यावेत तसा. डगने मिलिंदरावांना पाठीवर घेतलं आणि कडेच्या उतारावर चढायला लागला. मी हातापायांवर चढले. साडीचा काचा मारला होता, तरी गुडघे फुटले. वर एक सपाट जागा होती तिथे त्याने त्यांना आडवं केलं, ओठ बघितले, नखं बघितली, आणि खाली गाडीकडे बघितलं.

“हॉस्पिटल,” तो म्हणाला. “कार.”

मी त्याच्या शर्टाची बाही धरली. “नो. पाणी.”

पात्राच्या अलीकडच्या कडेला, जिथे गाडी होती, तिथे अजून कोरडं होतं. त्याने माझी बोटं एकेक करून सोडवली. चिडून नाही. “इन्शाल्ला, आई. फाइव्ह मिनिट.” आणि गेला. फोनला तिथे रेंज नव्हती, चालत जाण्यासारखं काही जवळ नव्हतं, आणि मिलिंदरावांच्या तोंडातून लाल फेस येत होता. तेव्हा तो मूर्खपणाने गेला असं कुणी म्हटलं तर ते मी ऐकून घेत नाही. पुष्कळांनी म्हटलं.

मला वरून सगळं दिसत होतं. तो गाडीत बसला. दिवे लागले. गाडी वळली आणि चढाच्या वाटेला लागणार, तोवर बाजूच्या एका घळीतून, जिकडे आमचं कुणाचं लक्ष नव्हतं, दुसरं पाणी आलं. गाडी आडवी झाली. दिवे पाण्याखालीही थोडा वेळ दिसत होते.

मी पट्टी तोंडात घातली आणि आवाज काढत राहिले. मागच्याने थांबायचं नाही ही त्याचीच रीत. तोंड कोरडं पडेपर्यंत काढला. एकदा उत्तर आलं. पलीकडच्या कड्यावरून, भरदार, घेताना आणि सोडताना, पूर्ण. ते गाढव होतं.

माझा आवाज ऐकून एक शेळीवाला म्हातारा वरच्या अंगाने उतरला. आपल्या शेळीला कुणी कापतंय असं वाटून हातात काठी घेऊनच आला होता. त्याने त्याच्या मुलाला पिकअप आणायला पाठवलं आणि आम्ही निझव्याच्या इस्पितळात पोचलो. मिलिंदरावांच्या फासळ्या मोडल्या होत्या आणि एक फुप्फुसात घुसली होती. आणखी थोडा उशीर झाला असता तर नाही, असं डॉक्टर संगीताला म्हणाला. डॉक्टर असं नेहमी म्हणतात, पण संगीता म्हणाली हा खरं बोलत होता.

पोलिसांना आमचं काही खरं वाटेना. तीन परके लोक, डोंगरात, दर शुक्रवारी, जनावरांचे आवाज काढायला, आणि बंदूक नाही? गझाल, म्हणजे तिकडचं हरीण, मारत होता का, पाण्यात बंदूक वाहून गेली का, हेच फिरून फिरून. त्यांचं चुकत नव्हतं. मी त्यांच्या जागी असते तर मीही तेच विचारलं असतं. हिंदी बोलणारा एक तरुण अधिकारी होता, त्याने पट्टी टेबलावर ठेवून विचारलं, “अम्मा, ये क्या है?” मी सांगत बसले नाही. पट्टी पाण्याने धुतली, तोंडात घातली आणि मादीचा आवाज काढला. शेजारच्या खोलीतलं टाइपिंग थांबलं. त्या दिवशी माझा आवाज फार वाईट आला, सुरुवातीलाच फाटला. अधिकाऱ्याने कागद पुढे सरकवून माझी सही घेतली.

कॅनडाचं मी संगीताला त्याच आठवड्यात, इस्पितळाच्या कँटीनमध्ये सांगितलं. मिलिंदराव बरे होईपर्यंत थांबायला हवं होतं असं ती म्हणाली. मला तसं वाटलं नाही, आजही वाटत नाही. ज्याच्या शब्दावर नोकरी होती तोच राहिला नाही, तेव्हा कॅनडा राहिलं ते राहिलंच. ते लोक आता पुण्याला असतात, मी गावात. मिलिंदराव रविवारी फोन करतात, तब्येत विचारतात आणि पाऊस कसा आहे ते विचारतात, आणि मध्ये जरा थांबतात. मी वाट बघते. माझा त्यांच्यावर पूर्ण विश्वास अजून बसलेला नाही, आणि माझ्या वयात आता बसणार नाही. पण थांबतात तेव्हा त्यांचा श्वास मला फोनवर ऐकू येतो, एका बाजूने जरा घरघरणारा. तो खरा आहे.

डग दोन दिवसांनी बराच खाली, खजुरीच्या बागांच्या कुंपणाला सापडला. गाडी त्याच्याही खाली. ती तीन गाढवं पोलिसांना कड्यावर चरताना दिसली. मिलिंदराव वाचले. मी वाचले.